संकष्टी ते गणपती: घरगुती मोदकांच्या ऑर्डरी कशा वाढवाव्यात

गणपतीत मागणी असते म्हणून भाद्रपदातच सुरुवात करू नका. संकष्टीपासून करा. ती दर महिन्याला येते, चाळीतली गिऱ्हाइकं तीच असतात आणि चुकलेलं पुढच्या महिन्यात सुधारता येतं. गणेश चतुर्थीला चुकलं तर ते घर वर्षभरासाठी गेलंच म्हणून समजा.

दोन्ही दिवसांच्या वेळा उलट्या आहेत. संकष्टीचा उपास चंद्रोदयानंतर सुटतो. कॅलेंडरमध्ये मुंबईची वेळ बघून त्याआधी तासभर डबा पोचवा. गणेश चतुर्थीची पूजा मध्यान्हीची, म्हणजे अकराच्या सुमारास मोदक दारात हवेत आणि उकड पहाटेच काढायला लागते.

२१ मोदकांसाठी साधारण ३०० ग्रॅम तांदळाची पिठी, वाटीने मोजून तेवढंच पाणी, चमचाभर तूप, चिमूटभर मीठ. सारणाला ३५० ग्रॅम खवलेला नारळ आणि १८० ग्रॅम गूळ. सारण तराजूवरच मोजा, कारण नैवेद्याचं सारण चाखून बघता येत नाही. गूळ कधी खारट निघतो. त्याचा खडा दुकानातच तोंडात टाकून बघावा. करताना २३ करा. दोन फुटतातच.

फुटण्याचं कारण बहुतेक वेळा उकडीत असतं. पिठी जुनी असेल किंवा उकड झाकून दहा मिनिटं मुरली नसेल तर पारीला कडेने चिरा जातात. उकड गरम असतानाच पाण्या-तेलाचा हात लावून मळायची, राहिलेली ओल्या फडक्याखाली ठेवायची. सारणात ओल राहिली तर तळ फुटतो. मोदकपात्राच्या झाकणाला फडकं बांधा, नाहीतर वाफेचं पाणी थेट कळ्यांवर टपकतं. १०–१२ मिनिटं वाफ पुरे. काढल्यावर पाचेक मिनिटं उघडे ठेवून मगच केळीच्या पानावर, एकाच थरात भरा. गरम मोदक बंद डब्यात गेले की चिकटून एकमेकांची पारी ओढतात. फ्रिजमध्ये ठेवायचा विचारच नको. पारी कडक होते.

आता ऑर्डरी. सरावलेला हात तासाला वीसेक मोदक वळतो. चार बायका, चार तास: ३२० मोदक, म्हणजे २१चे पंधरा डबे. त्यातही दोन डब्यांची फुटतूट धरून तेराच घ्या. वाढवायचं तर हात वाढवा. लिज्जत पापडची सुरुवात १९५९ साली गिरगावातल्या लोहाणा निवासात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन केली होती, तीही शेजारच्याच हातांवर. फक्त पापडाला किलोमागे पैसे मिळतात तसे मोदकाला नगामागे देऊ नयेत, असं आमचं मत. घाईत कळ्या जाड होतात. तासाने द्या.

जाहिरातीवर खर्च करण्याआधी सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर चंद्रोदयाची वेळ आणि ऑर्डरची शेवटची मुदत आठवडाभर आधी टाका. अर्धे पैसे आगाऊ घ्या. ओळखीत उधारी वाढते आणि मग बोलणंही बंद होतं. मंडळाकडे गेलात तर वर्गणीच्या ऐवजी एका आरतीच्या प्रसादाचे मोदक द्या. पाचशे पत्रकं वाटण्यापेक्षा ते जास्त घरांत पोचतात. हळदीकुंकवाला तिळगुळाच्या वड्या घेऊन जा, पण तिथे ऑर्डर मागू नका. विचारतील त्यांना सांगा.

एफएसएसएआयची, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी आधी करून घ्या आणि १४ आकडी क्रमांक पावतीवर छापा. ऑफिसातली मोठी ऑर्डर त्याशिवाय मिळत नाही.

हळदीची पानं पावसाळ्यात दादरच्या बाजारात मिळतात. तेवढे दोन-तीन महिने पानावर वाफवलेले मोदक वेगळ्या दराने ठेवा. इतर महिन्यांत ते यादीतून काढा. आणि चौदावा डबा मागायला आलेल्याला परत पाठवताना शेजारच्या वाडीत मोदक करणारीचा नंबर द्या. पुढच्या संकष्टीला तिच्याकडे गर्दी झाली की ती तुमचा देईल.