मत्स्यखात्यातल्या पोरांनो, किनाऱ्याच्या नकाशावर सही करण्याआधी या चुका टाळा

बेळगावच्या बाजारात आपण बांगड्याचा कल्ला उचलून बघतो, एवढंच. तो कुठल्या पाण्यात सापडला, हा प्रश्न पडतो तो कारवारला नेमणूक झाल्यावर. आणि मग सागरी क्षेत्र नियोजनात, म्हणजे समुद्राचा कुठला भाग कशासाठी वापरायचा हे नकाशावर ठरवताना, त्याच त्या चुका होतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे नकाशावर ठिपका नाही, म्हणून तिथं मासेमारीच नाही असं धरणं. ठिपके मोठ्या बोटींवरच्या, बोट कुठं आहे ते कळवणाऱ्या यंत्रांतून येतात; रापणीच्या (किनाऱ्यावरून ओढायच्या लांब जाळ्याच्या) होडीवर कुठलं असलं यंत्र? ते पाणी ‘मोकळं’ दिसतं आणि जेटीवाले, पिंजऱ्यात मासे वाढवणारे नेमका तिथंच रंग भरतात. पहाटे वाळूवर जाऊन बसा की. रापणकार अक्षांश-रेखांश सांगत नाही. ‘डोंगराचं टोक देवळाच्या कळसावर आलं की सात वाव पाणी’ असं सांगतो. होडीतून जाऊन ती खूण जीपीएसवर टिपून घ्या. पण चांगली जागा तो लगेच दाखवणार नाही, आणि का दाखवावी? उद्या पर्ससीनवाले, मोठ्या जाळ्यानं अख्खा थवा घेरणारे, तिथं हजर! नेमकी जागा न छापता मोठे चौकोनच दाखवू, असा शब्द आधी द्या, आणि पाळा.

१ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस यांत्रिक बोटी बंद. तेव्हाच्या पाहणीवरून वर्षाचा नकाशा करू नका. हंगामागणिक वेगळा करा.

नकाशा पाण्याच्या कडेला संपवू नका. रापण ओढायला, होड्या चढवायला, मासळी सुकवायला वाळूच लागते. २०२०च्या जानेवारीत कारवारचे मच्छीमार बंदरविस्ताराविरुद्ध रस्त्यावर आले, ते याच वाळूसाठी.

खात्याला बोलावणं बहुधा जागा ठरल्यावर येतं. मग भरपाईखेरीज बोलायला काही उरत नाही. पहिल्याच बैठकीला आपला नकाशा घेऊन जा. एक जागा बंद केली तर तिथल्या होड्या कुठं जाणार, हेही त्याच कागदावर हवं. कारवारच्या सीबर्ड नौदल तळासाठी उठलेल्या मच्छीमार कुटुंबांना विचारून बघा. १२ सागरी मैलांपलीकडचा कारभार केंद्राचा, तेव्हा तिकडचा पत्रव्यवहारही आधीच सुरू करा.

नकाशा आधीच जाहीर झाला असेल, तर हरकतीची मुदत आजच बघा. नोटीस कन्नडमध्ये असते, किनाऱ्यावर कोकणी बोलतात. आपली मराठी तिथं बरीच कळते. शेवटची तारीख वाळूवर जाऊन तोंडी सांगा.