फॉईलला भोकं पडली तेव्हापासून

रात्री चिंच-गुळाची आमटी उरली. स्टीलचं पातेलं काठोकाठ भरलेलं, झाकणी सापडेना, म्हणून वर फॉईल दाबून बसवली आणि पातेलं फ्रीजमध्ये सारलं. सकाळी पाहते तर आमटी जिथे टेकली होती तिथे फॉईलला सुईने टोचल्यासारखी भोकं आणि आमटीवर करडे ठिपके. सासूबाई म्हणाल्या, "फ्रीजमध्ये उंदीर शिरला का गं?"

उंदीर कसला! स्टील, ॲल्युमिनियम आणि मध्ये आंबट-खारट पाणी, म्हणजे चक्क बॅटरीचा सेल. त्यात ॲल्युमिनियम झिजतं आणि अन्नात उतरतं.

म्हणून फॉईल कोरड्या जिनसांसाठीच ठेवा. पोळ्या, ठेपले खुशाल गुंडाळा. लिंबू पिळलेले पोहे, टोमॅटोची भाजी, लोणचं मात्र नाही. हॉटेलातून फॉईलच्या डब्यात ग्रेव्ही आली तर लगेच काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात काढा, त्याच डब्यात गरम करत बसू नका. आणि ते डबे धुऊन त्यात लोणचं भरायची आपली काटकसर (माझीसुद्धा होती) सोडा.

एकदा खाल्लं म्हणून काही होत नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2008 मध्ये आठवड्याची मर्यादा सांगितली ती वजनाच्या दर किलोमागे 1 मिलिग्रॅम, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 60 मिलिग्रॅम. पोटात गेलेलं बहुतेक ॲल्युमिनियम तसंच बाहेर पडतं, रक्तात शिरलेलं थोडंसं मूत्रपिंडं काढून टाकतात. माझ्या सासऱ्यांचं क्रिएटिनिन वाढलेलं आहे, म्हणजे मूत्रपिंडं कमी काम करतात, म्हणून त्यांच्या ताटाबाबत मी जास्त कडक. फॉईलमुळे स्मृतिभ्रंश होतो हे फॉरवर्ड आमच्या ग्रुपवर दर महिन्याला येतं. ते सिद्ध झालेलं नाही.

आता आमरसाचा डबा. रिकामा झाला की आत डोकावा. सोनेरी किंवा पांढरा थर दिसला तर लाखेसारखं अस्तर आहे. नुसता चकचकीत पत्रा दिसला तर ते कथील. असा डबा फोडल्यावर हवा लागते आणि कथील भराभर सुटायला लागतं. डबाबंद अन्नात किलोमागे 250 मिलिग्रॅमपर्यंत कथील चालतं. फार वाढलं की मळमळ, पोटात मुरडा. म्हणून उरलेला रस त्याच दिवशी काचेच्या बरणीत. अस्तराचा डबा असला तरी मी हेच करते, रोज कोण डोकावत बसणार?

दुकानात जोडावर चेपलेला डबा घेऊ नका. फुगलेला डबा हा धातूचा नाही, जंतूंचा मामला. तो चाखूनसुद्धा बघायचा नाही, सरळ टाकायचा.