आयरिश कवितेतील हंस कसा वाचावा

नाशिकच्या वाचनमंडळात आयरिश कविता घेताना नीरक्षीरविवेक करणारा, दमयंतीकडे निरोप नेणारा आपला हंस आधी बाजूला ठेवावा, कारण तिकडचा हंस पुष्कळदा शापित माणूस असतो. सावत्र आईच्या शापाने हंस झालेल्या, आयरिश दंतकथेतील राजा लीरच्या चार मुलांनी तीन ठिकाणच्या पाण्यावर 300-300 अशी 900 वर्षे काढली, ही कथा प्रथम सांगावी. मगच आयरिश कवी येट्सच्या 1917 मधील कवितेत आयर्लंडमधील कूल या ठिकाणच्या पाण्यावर दिसणारे 59 हंस मोजावेत. संख्या विषम आहे, म्हणजे एक जोडीविना उरतो, आणि कवितेचे दुःख माझ्या मते तिथेच आहे. नांदूर मध्यमेश्वरला हिवाळ्यात पाणपक्षी मोजलेल्यांना हे चटकन उमगेल. आयरिश लोककथांतील रूपे बदलणाऱ्या पूकाला ‘भूत’ म्हणू नये, मूळ नावच ठेवावे. शेवटी नवव्या शतकातील ‘पांगुर बान’ ही भिक्षू आणि त्याच्या मांजरावरची आयरिश कविता मोठ्याने वाचावी: तीत मांजर उंदीर पकडते आणि भिक्षू अर्थ.