वाचनवहीत कथानक सोडून काय लिहावं

आवडीनं वाचलेल्या पुस्तकावर लिहायला बसलं की पहिली दोन पानं गोष्ट सांगण्यातच जातात. सहा महिन्यांनी वही उघडावी तर हाती काही लागत नाही. गोष्ट मलपृष्ठावरही असते. पुस्तकानं तुम्हाला कुठे धरलं, कुठे सोडलं आणि कशामुळे, हे मात्र तुमच्याशिवाय कोणी लिहून ठेवणार नाही.

सामान थोडकंच लागतं: दोनशे पानी आखीव वही, पेन्सिल, आणि खुणेसाठी दोन बोटं रुंद कोऱ्या कागदाची पट्टी. वाचताना थबकायला झालं की पट्टीवर पान क्रमांक आणि दोन-तीन शब्द टाका. ‘१४२, सासूचं हसणं’ एवढं पुरतं. अख्खं वाक्य उतरवत बसलात तर वाचनाची लय तुटते, आणि फोनवर टिपायला गेलात तर व्हॉट्सअ‍ॅपमध्ये अडकाल. पुस्तक ग्रंथालयाचं असेल तर समासात खुणा नकोत, चिकट चिठ्ठ्याही नकोत. जुना कागद ठिसूळ असतो, चिठ्ठी काढताना वरचा पापुद्रा अक्षरांसकट निघून येतो. ई-पुस्तकात अक्षरं मोठी केली की पानं सरकतात, म्हणून तिथे प्रकरण लिहावं. ऐकत असाल तर प्रकरण आणि मिनिट.

पुस्तक मिटल्या मिटल्या लिहू नका. शेवटाचा अंमल असतो, सगळं थोर वाटतं. दोन-तीन दिवस जाऊ द्या, पण आठवड्यापलीकडे नको. वर नाव, प्रकाशक, आवृत्ती आणि तिचं साल लिहा, कारण आवृत्ती बदलली की पान क्रमांक बऱ्याचदा जुळत नाहीत. मग पुस्तक आणि पट्टी दोन्ही बाजूला ठेवून दहा मिनिटं नुसतं आठवेल ते लिहा. त्यानंतर पट्टी काढा. खूण केली होती पण आठवलं नाही, आणि खूण नव्हती तरी मनात राहिलं, या दोन याद्या समोरासमोर आल्या की नोंदीला खरा विषय मिळतो. आठवलेला प्रसंग पुस्तकात पडताळून पाहा. पुष्कळदा तो वेगळाच निघतो. आठवणीतलं खोडू नका, शेजारी मूळ लिहा.

कादंबरीला पहिला प्रश्न: सांगतंय कोण, आणि त्याला काय दिसत नाही? व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५), दुष्काळात उठून गेलेल्या गावाची गोष्ट, बाहेरून आलेला तरुण मास्तर सांगतो. त्यातला एक प्रसंग घ्या आणि तोच गावच्या कारभाऱ्याच्या तोंडून चार ओळींत लिहून पाहा. काय गळतं, काय नव्यानं येतं, ते लगेच कळतं. ‘दुष्काळाचं विदारक चित्रण’ ही नोंद नव्हे, ती कुठल्याही पुस्तकाला डकवता येते. ‘गाव उठलं त्यापेक्षा एवढ्या खटपटीनं बांधलेली तालीम मागे राहिली, हे जास्त लागलं’ ही नोंद. हृदयस्पर्शी, ओघवतं, अंतर्मुख करणारं, असले शब्द पेन्सिलीतून उतरले की खोडा आणि ते कुठल्या पानामुळे सुचले तो क्रमांक लिहा. क्रमांक सापडत नसेल तर तो शब्द परीक्षणांतून आलेला आहे.

आत्मकथनाला वेगळी पद्धत लागते. इथे घडतानाचं वय आणि लिहितानाचं वय अशी दोन माणसं एकाच ‘मी’मध्ये बोलत असतात. कवी ना. वा. टिळक ख्रिस्ती झाले १८९५ मध्ये. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मकथनाचा पहिला भाग आला १९३४ मध्ये. मधली जवळजवळ चार दशकं त्या सांगण्यात मुरलेली आहेत. पानाच्या मध्ये उभी रेघ मारा. डावीकडे त्या वेळच्या बाईला काय वाटलं असेल, उजवीकडे लिहिणारी ते कसं सांगते. विनोद कुठल्या रकान्यात पडतो ते बघा. दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) तर दगडू (हे त्यांचं मूळ नाव) आणि दया पवार ही फोड लेखकानंच केली आहे, तेव्हा रकाने आयते मिळतात.

दुसरं म्हणजे पानं आणि वर्षं यांचा हिशेब. एका दुपारीला दहा पानं आणि पाच वर्षांना एक परिच्छेद, अशा जागा टिपून ठेवा. लगेच ‘काहीतरी लपवलंय’ असा निष्कर्ष नको. कधी त्या वर्षांत सांगण्याजोगं काही नसतंच, कधी माणसं हयात असतात. प्रश्न लिहा, उत्तर रिकामं ठेवा.

उतारे हवेतच तर एका पुस्तकाला एक, पाच ओळींपर्यंत, आणि खाली तो का घेतला याची एक ओळ. ती सुचली नाही तर उतारा गाळा. वहीची शेवटची चार पानं सूचीसाठी कोरी राखा.

अर्धवट सोडलेल्या पुस्तकालाही दोन ओळी द्या. कारण म्हणून ‘कंटाळा आला’ चालेल, पण कितव्या पानावर आला ते हवंच.