अर्जंट केअर की इमर्जन्सी? अमेरिकेत आई-बाबा आले असतील तर या चुका टाळा

मे महिना लागला की न्यू जर्सी, बे एरिया, डॅलसमधल्या मराठी घरांत आई-बाबा यायला लागतात. बॅगेत भाजणी, मेतकूट आणि पुरतील एवढ्या बीपी-शुगरच्या गोळ्या. तिकडे काही झालं तर फॅमिली डॉक्टरला फोन जातो आणि पुढचं ते सांगतात. इथे पाहुण्यांना तो आधार नसतो. मग रात्री बाबांच्या छातीत दुखायला लागलं की कुठे न्यायचं हे मुलगा-सून ठरवतात, आणि ठरवताना निम्मं लक्ष बिलाकडे असतं.

किती दुखतंय, यावरून ठिकाण ठरवणं

मुरगळलेला घोटा माणसाला रडवतो, पण त्याला अर्जंट केअर, म्हणजे किरकोळ पण लगेच बघावं लागणाऱ्या दुखण्यांचा दवाखाना, पुरतं. अर्धांगाचा झटका येतो तेव्हा बहुतेकदा काहीच दुखत नाही. म्हणून दुखण्यापेक्षा कोणतं यंत्र आणि कोणता डॉक्टर लागू शकेल याचा विचार करा. अर्जंट केअरमध्ये साधारणपणे एक्स-रे, घशाची आणि लघवीची तपासणी, टाके घालायची सोय असते. ईसीजीही बऱ्याच ठिकाणी निघतो. सीटी स्कॅन, सर्जन, हृदयाची बंद रक्तवाहिनी उघडायची व्यवस्था तिथे नसते आणि रात्री दार बंद होतं. ताप-खोकला, लघवीची जळजळ, कानदुखी, हाताला सुरी लागणं, अंगावर पुरळ यांसाठी तेच योग्य. उगाच रुग्णालयाच्या इमर्जन्सीत जाऊन तासन्‌तास ताटकळू नका. तिथे नंबराने नाही, गंभीरतेने बोलावतात.

“ॲसिडिटी असेल” म्हणून वाट बघणं

आपल्याकडच्या ज्येष्ठांची ही सगळ्यात महागडी सवय. मधुमेह असलेल्यांना, वयस्कर माणसांना आणि बायकांना हार्ट अटॅकमध्ये छातीत ठसठशीत कळ येईलच असं नाही. धाप लागते, दरदरून घाम येतो, जबडा किंवा पाठ दुखते, मळमळतं. आई “काल वडे खाल्ले ना” म्हणते आणि ओवा चावत बसते. अशा वेळी अर्जंट केअरला नेलंत तर तिथला डॉक्टर ईसीजी बघून स्वतःच ९११ला, म्हणजे इथल्या आपत्कालीन क्रमांकाला, फोन करेल. तुमचा अर्धा-पाऊण तास गेला आणि बिलं मात्र दोन आली.

तोंड वाकडं होणं, हात उचलता न येणं, शब्द अडखळणं ही अर्धांगाची लक्षणं. यातलं काहीही दिसलं की घड्याळ बघा आणि ९११ला फोन करा. “शेवटचे नीट कधी होते?” हा इमर्जन्सीतला पहिला प्रश्न असतो, कारण गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. “झोपू दे, सकाळी उतरेल” म्हटलं की ते साडेचार तास संपतात.

स्वतः गाडी काढणं

ॲम्ब्युलन्सचं बिल खरंच मोठं येतं. अचानक येणाऱ्या वैद्यकीय बिलांपासून संरक्षण देणारा जो केंद्रीय कायदा १ जानेवारी २०२२ पासून लागू झाला, त्यात रस्त्यावरची ॲम्ब्युलन्स बसत नाही. तरी छातीत दुखणं आणि अर्धांगाची लक्षणं यांत पैशाचा हिशेब करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ॲम्ब्युलन्समध्येच ईसीजी निघतो, रुग्णालयाला आधी कळतं आणि पोचल्यावर माणसं तयार असतात. बोट कापलं असेल तर मात्र खुशाल गाडी काढा.

डोक्याला लागलं, पण शुद्धीवर आहेत म्हणून घरीच ठेवणं

आजोबा बाथरूममध्ये घसरले, टेंगूळ आलं, उठून चहा प्यायले. पासष्टीच्या पुढचं वय असेल किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आतला रक्तस्राव हळूहळू वाढू शकतो. तो सीटी स्कॅनशिवाय कळत नाही. सरळ इमर्जन्सी. नातवंडांचंही सांगून टाकते: तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप असेल किंवा मुलाने बटन सेल गिळला असेल, तरीही तिथेच. आजीची गोळी मुलाच्या तोंडात गेली आणि मूल ठीक दिसतंय, तर १-८००-२२२-१२२२ या विषबाधा केंद्राच्या क्रमांकावर लगेच फोन करा. तो मोफत असतो आणि चोवीस तास चालतो. मूल बेशुद्ध असेल किंवा श्वास अडत असेल तर ९११.

पाटी न वाचता आत शिरणं

टेक्ससमध्ये विशेष जपा. तिथे दुकानांच्या रांगेतच स्वतंत्र इमर्जन्सी रूम असतात, दिसायला अगदी अर्जंट केअरसारख्या. आत खुर्च्या छान, कॉफी मोफत आणि बिल रुग्णालयाच्या इमर्जन्सीच्या तोडीचं. खोकल्यासाठी तिथे शिरलात तर पस्तावाल. पाटीवर ‘इमर्जन्सी’ हा शब्द आहे का, एवढं दारातच बघा.

प्रवासी विम्याची कलमं विमानतळावर वाचणं

पाहुण्यांच्या बऱ्याच विमा योजना जुन्या आजारावर खर्च देत नाहीत. तो आजार अचानक उफाळला तरच देतात. त्यालाही बहुतेकदा अट असते: लक्षणं दिसल्यापासून २४ तासांत उपचार घ्यायचे. म्हणजे “उद्या बघू” म्हटलं की तब्येतीबरोबर क्लेमही गेला. काही योजनांत इमर्जन्सीत जाऊन भरती न होता परत आलात तर जादा रक्कम तुमच्या माथी येते. ही कलमं आधीच वाचून कार्डाचा फोटो फोनमध्ये ठेवा. विम्याच्या होकारासाठी मात्र थांबू नका. १९८६ च्या केंद्रीय कायद्यानुसार रुग्णालयाच्या इमर्जन्सीला पैसे वा विमा न बघता तपासणी करून प्रकृती स्थिर करावीच लागते. हे फुकट नसतं, बिल मागून येतंच.

“इकोस्प्रिन आणि टेल्मा चालू आहे” असं सांगणं

अमेरिकन नर्सला ही नावं कळत नाहीत. कागदावर मूळ औषधाचं नाव इंग्रजीत आणि मिलिग्रॅम लिहा: इकोस्प्रिन म्हणजे ॲस्पिरिन, टेल्मा म्हणजे टेल्मिसार्टन, ग्लायकोमेट म्हणजे मेटफॉर्मिन. आपलं पॅरासिटामॉल इथे ॲसिटॅमिनोफेन म्हणून मिळतं, टायलेनॉल हे त्याचंच ब्रँडनाव. क्रोसिन घेऊन वर टायलेनॉल दिलंत तर डोस दुप्पट होतो.

आणि भाषांतर करताना सौम्य करू नका. बाबा “जरा जड वाटतंय” म्हणतात, मुलगा “ही इज फाइन” सांगतो आणि नर्स त्यांना मागच्या रांगेत बसवते. रुग्णालयाकडे मोफत दुभाष्या मागता येतो. मराठीसाठी बहुधा फोनवर जोडून देतात. थांबलेले असताना त्रास वाढला तर उठून पुन्हा नर्सला सांगा. डॉक्टर बघेपर्यंत त्यांना डब्यातलं काही खायला देऊ नका.

बिल आलं की लगेच कार्ड काढू नका. आधी बाबवार तपशील मागा आणि रुग्णालय ना-नफा आहे का विचारा. तसं असेल तर आर्थिक मदतीचं लेखी धोरण त्यांना ठेवावंच लागतं, आणि घरी सोडल्यानंतरच्या पहिल्या बिलापासून २४० दिवस अर्ज घ्यावा लागतो. पाहुण्यांना ते लागू होतं की नाही हे प्रत्येक रुग्णालयाच्या धोरणावर असतं, तेव्हा बिलिंगच्या खिडकीवर नाव घेऊनच विचारा: ‘फायनान्शिअल असिस्टन्स’चा फॉर्म.