वीटभट्ट्या बंद झाल्या, आता गाढवांच्या पाठी आणि खूर सांभाळा

पाऊस लागला की भट्ट्या थंडावतात आणि गाढवं दिवाळीपर्यंत रिकामी होतात. पाठीच्या जखमा भरून यायला वर्षातला हाच काळ. नेमकं याच वेळी जनावर गावात मोकाट सोडलं जातं, उकिरड्यावरचं प्लास्टिक खातं आणि पोट गच्च होऊन मरतं. कृपा करून सोडू नका.

गाढवाच्या केसांवरून पाणी ओघळत नाही, आत मुरतं. म्हणून छप्पर हवंच. दोन जनावरांना साधारण १०० चौरस फूट जागा, खाली मुरमाचा उंचवटा आणि पावसाच्या बाजूने आडोसा. जोडीने राहिलेली गाढवं वेगळी बांधू नका.

खूर रोज उचलून बघा. बोथट हुकाने टाचेकडून पुढे चिखल काढा. तळाच्या त्रिकोणी मऊ भागाजवळ काळा, घाण वास येणारा चिकटा दिसला तर तिथे सडायला लागलंय: खूर धुवा, पूर्ण कोरडा करा आणि जनावर कोरड्यात बांधा. ओल्यात ठेवून कोणतंही औषध लागू पडत नाही. दर ६ ते १० आठवड्यांनी खूर कापून घ्या.

जखमेवर राख, हळद किंवा जळकं तेल लावू नका. एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात दोन छोटे चमचे मीठ घालून धुवा, माशी बसू देऊ नका. धनुर्वाताची लस डॉक्टरांकडून टोचून घ्या. खिळा लागलेल्या पायातूनही तो होतो.

मुख्य चारा ज्वारीचा वाळका कडबा किंवा गव्हाचं काड; हिरवं गवत थोडं. कोवळी ज्वारी विषारी असते. गाई-कोंबड्यांचं खाद्य तर अजिबात नको. त्यात मोनेन्सिन (खाद्यात मिसळलं जाणारं एक औषध) असेल तर गाढव दगावतं.

गाढव दुखणं दाखवत नाही. कान पाडून बाजूला उभं राहिलं, चारा सोडला, तर डॉक्टरांना बोलावणं उद्यावर टाकू नका. उपाशी गाढवाच्या अंगातली चरबी रक्तात उतरते आणि एक-दोन दिवसांत यकृत निकामी होऊ लागतं. लठ्ठ आणि गाभण माद्यांना हा धोका सर्वात जास्त.

मधे वाळूचं काम निघालंच तर ओझ्याच्या जनावरांसाठीच्या १९६५ च्या सरकारी नियमांनुसार एका गाढवावर ओझं ५० किलोपर्यंतच. ओली वाळू जड असते, तेव्हा गोणी मापाने नाही, वजनाने भरा.