फोर बाय फोरखालचा आवाज : पार्ट बदलण्याआधी या चुका टाळा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात पावसाळा संपत आला की फोर बाय फोर गाड्या एकामागून एक आमच्या दारात येतात. जांबोटी, कणकुंबीकडचा पाऊस, तांबडा चिखल, ओढ्यातून काढलेली गाडी, जंगलाकडेच्या काजूच्या बागेपर्यंत जाणारी कच्ची वाट. चार महिने गाडी हे सगळं निमूट सोसते. मग ऊन पडतं, रस्ता वाळतो, आणि इतके दिवस पावसाच्या आवाजात बुडालेला ठोका ऐकू यायला लागतो. "मिस्त्री, खालनं टुकटुक यायलंय. क्रॉस गेलाय, नवीन घालून टाका." मालक येतो तो पार्टचं नाव घेऊनच येतो.

क्रॉस म्हणजे चाकांकडे ताकद नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टच्या टोकाचा चार दांड्यांचा सांधा. तो खरंच गेलेला असू शकतो. पण न तपासता बदललेल्या पार्टाचे पैसे गेल्यावर आवाज तसाच राहिला तर माणूस गाडीवर, मिस्त्रीवर, सगळ्यांवरच वैतागतो. त्यातल्या बहुतेकांची पहिली चूक एकच असते.

आवाज कुठून येतो, हे आधी विचारणं

आधी विचारायचं, आवाज कधी येतो. चॅसिस म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग लोखंड. मागच्या क्रॉसचा ठोका ड्रायव्हरच्या सीटखाली वाजल्यासारखा वाटतो, आणि पुढच्या उजव्या चाकाचा आवाज डावीकडून येतोय असं मालक शपथेवर सांगतो. कान जागा चुकतो. वेळ मात्र सहसा चुकत नाही.

क्लच सोडताना किंवा रिव्हर्समधून पहिल्या गिअरमध्ये घेताना एकच "ठक्" येत असेल, तर कुठेतरी मोकळा प्ले, म्हणजे ढिलेपणा आहे : क्रॉस, स्प्लाइन (शाफ्टचे एकमेकांत सरकणारे दाते), फ्लँजचे (शाफ्ट जोडणाऱ्या चकतीचे) बोल्ट, नाहीतर डिफरन्शियलच्या (अॅक्सलच्या मधल्या गिअरपेटीच्या) दातांमधला. सरळ रस्त्यावर वेगाबरोबर वाढणारी बारीक "चीं चीं चीं" म्हणजे बहुधा कोरडा पडलेला क्रॉस. पूर्ण वळण कापताना अॅक्सिलरेटर दिला की "कट कट कट" येत असेल तर बाहेरचा, म्हणजे चाकाजवळचा सीव्ही जॉइंट (वळतानाही चाकाला ताकद देणारा सांधा) बघायचा. सरळच जाताना, चढावर जोर लावला की गाडी थरथरते आणि पाय काढला की थांबते, तर आतला सीव्ही. आणि गिअर न्यूट्रल केला तरी चालू राहणारी घोंघों असेल तर व्हील बेअरिंग. रिकाम्या रस्त्यावर गाडी हलकेच डावीकडे घ्या, भार उजव्या चाकांवर जातो. तेव्हा घोंघों वाढली तर उजवीकडचं बेअरिंग, कमी झाली तर डावीकडचं.

आणखी एक गोष्ट मी नेहमी करतो. आवाज मोजतो. जीपच्या टायरचा घेर साधारण २.२ मीटर धरा. ताशी ५ किलोमीटरने, म्हणजे माणूस चालतो तेवढ्या वेगाने गाडी नेली, तर चाक मिनिटाला ३८ च्या आसपास फेरे मारतं. डिफरन्शियलचं प्रमाण ४ ला १ च्या जवळपास असेल, तर प्रॉपेलर शाफ्ट त्याच वेळात दीडशे फेरे मारतो. म्हणून एका बाजूला भिंत असलेल्या रस्त्यावर काच खाली करून, सावकाश गाडी न्यायची. टिक-टिक दीड सेकंदाला एकदा येत असेल तर चाकाच्या बाजूचं काहीतरी आहे. सेकंदाला दोन-तीनदा येत असेल तर शाफ्टकडे बघायचं. एवढ्यावर निम्मी गाडी तपासातून वगळली जाते, तीही एक पाना न लावता.

हब लॉक आहेत की नाही, ते न बघणं

निपाणीकडच्या एका ऊसवाल्या काकांची जुनी जीप माझ्याकडे आली होती. दोन्ही पुढची बेअरिंगं बदललेली. डिफरन्शियल एकदा उघडून बंद केलेलं. "सगळं बदलून झालं, तरी आवाज हाय तसाच हाय बघा," काका म्हणाले. ताशी ३० च्या पुढे गेलं की चिमणीसारखी चीं चीं.

"काका, हब कधी लॉक केलासा?"

"जूनमध्ये केलो होतो की, चिखलासाठी. मग तसंच ऱ्हायलं."

तिथेच धागा सापडला. हब म्हणजे पुढचं चाक अॅक्सलला जोडणारी किंवा सोडणारी कळ. हब लॉक असले की गाडी टू-व्हीलवर चालत असली तरी पुढची चाकं पुढचा अॅक्सल, डिफरन्शियल आणि पुढचा शाफ्ट ओढत फिरवतात. मी दोन्ही हब फ्री केले, काकांना बाजूला बसवून हायवेला एक चक्कर मारली. आवाज बंद. म्हणजे रोग पुढच्या अर्ध्या भागात.

खाली जाऊन शाफ्ट हाताने हलवला तर प्ले जवळजवळ नव्हताच. इथे खूप जण फसतात : "प्ले नाही, म्हणजे क्रॉस चांगला." कोरडा पडून गंजलेला क्रॉस उलट घट्ट लागतो. म्हणून शाफ्टचं एक टोक फ्लँजपासून सोडलं आणि योक (क्रॉसला धरणारा दोन कानांचा तुकडा) दोन्ही दिशांनी सावकाश वाकवून बघितला. एका दिशेला लोण्यासारखा फिरला. दुसऱ्या दिशेला मध्येच अडला, जोर लावल्यावर खट्कन पुढे गेला. सर्क्लिप (कप जागेवर धरणारी कडी) काढून दांड्यावरचा कप बाहेर घेतला, तर ग्रीसचा पत्ता नाही. आतून विटेच्या भुकटीसारखी तांबडी पूड तळहातावर पडली. सुईसारखे रोलर काही चिकटलेले, दोन तुटलेले. क्रॉसच्या दांड्यावर रोलरच्या जाडीच्या बारीक खाचा पडलेल्या. त्यावरून नख फिरवलं की कंगव्याच्या दातांवरून फिरवल्यासारखं लागत होतं. काकांनी स्वतः नख लावून बघितलं आणि गप्प बसले. बेअरिंगं आणि डिफरन्शियलवर त्यांचे गेलेले पैसे मला आजही खटकतात.

एक हब लॉक आणि दुसरा फ्री राहिला तरी पुढून विचित्र करकर येते. दोन्ही हबची चकती नीट बघा. एखादी चकती अर्ध्यावर थांबलेली असते आणि मालकाला पत्ता नसतो.

डांबरी रस्त्यावर फोर-व्हील टाकून "आवाज येतो" म्हणणं

पार्ट-टाइम फोर बाय फोरमध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट ट्रान्सफर केसमध्ये (ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या गिअरपेटीत) एकमेकांना बांधलेले असतात. वळणावर पुढची चाकं मागच्यापेक्षा लांबचा मार्ग कापतात. चिखलात चाक थोडं घसरून तो फरक भरून काढतं, डांबरावर तसं घसरता येत नाही. मग शाफ्टमध्ये पीळ साठतो, टायर चिरकतात, खालून कटकट येते, लिव्हर टू-व्हीलमध्ये येत नाही. हा आवाज बिघाडाचा नाही, पण रोज असंच चालवलं तर बिघाड होईल. गाडी सरळ ठेवून थोडी मागे घ्या, पीळ सुटतो आणि लिव्हर सहज निघतो. पुढच्या-मागच्या टायरची झीज किंवा साइज वेगळी असेल तर सरळ रस्त्यावरही असंच होतं.

जॅकवर चढवून चाकं फिरवणं

याबद्दल मी गाऱ्हाणं घातल्यासारखं सांगतो, कारण यात जीव जातो. बऱ्याच जुन्या जीपांचा हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या मागे शाफ्टवर असतो. मागचं एक चाक उचललं की हँडब्रेक ओढलेला असूनही डिफरन्शियलमुळे ते चाक फिरू शकतं आणि गाडी सरकू शकते. मागचा शाफ्ट सोडला तर तो हँडब्रेक गाडीला धरतच नाही. म्हणून सपाट जागा, दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळे, आणि नुसता जॅक कधीच नाही, खाली स्टँड हवेतच. फोर-व्हीलमध्ये चाकं फिरवायची असतील तर चारही चाकं जमिनीपासून वर हवीत, एखादं जरी टेकलं तरी गाडी स्टँडवरून उडी मारते.

शिवाय स्वतंत्र सस्पेन्शनच्या गाडीत चाकं लोंबकळत असताना सीव्ही जॉइंट नेहमीपेक्षा जास्त कोनात वाकतो. त्या अवस्थेत आलेला आवाज खरा मानू नका. खालच्या आर्मला टेकू देऊन चाक रस्त्यावर असतं त्या उंचीवर आणा आणि मग ऐका.

बूट फाटलेला बघूनही "पुढच्या सर्व्हिसिंगला" ठेवणं

सीव्ही जॉइंटचा रबरी बूट फाटला की आधी आवाज येत नाही. आधी रिमच्या आतल्या बाजूला आणि आर्मवर काळ्या ग्रीसचे फटकारे दिसतात. त्याच आठवड्यात बूट बदलून नवीन ग्रीस भरलं तर जॉइंट वाचतो. कटकट सुरू झाली म्हणजे आतल्या गोळ्यांनी खोबणी खाल्लेली असते, तेव्हा ग्रीस भरून उपयोग नाही. आपल्या भागातली तांबडी माती ग्रीसमध्ये मिसळली की ती घासायच्या पेस्टसारखीच काम करते.

मारुती जिप्सीच्या पुढच्या अॅक्सलला बूट नसतो. तिचा जॉइंट गोल नकलच्या (चाक वळवणाऱ्या गोळ्याच्या) आत, ग्रीसमध्ये बसलेला असतो. त्या गोळ्यावरून पातळ, काळपट काला ओघळत असेल तर आतलं ऑइल सील गेलं आणि डिफरन्शियलचं तेल ग्रीसमध्ये मिसळलं. वरून पुसून गाडी पुढे पाठवू नका.

ग्रीस गनचे दोन फटके मारून काम झालं समजणं

क्रॉसला चार कप असतात. ग्रीस चारही सीलमधून ताजं बाहेर आलं पाहिजे. तीनमधूनच आलं तर चौथा कोरडा आहे, आणि तोच आधी जाणार. शाफ्ट थोडा हलवत, फिरवत पुन्हा गन लावा. बाहेर आलेल्या ग्रीसचा रंगही बघा : तांबूस किंवा पाणीदार असेल तर पाणी आत गेलेलं आहे. कणकुंबीकडे जाणाऱ्या गाड्यांना मी पावसाळ्यात ओढा ओलांडल्यानंतर त्याच आठवड्यात ग्रीस करायला सांगतो. कंपनीच्या पुस्तकातले किलोमीटर कोरड्या रस्त्यासाठी ठीक आहेत.

स्लिप जॉइंटची स्प्लाइन तर सगळ्यात जास्त विसरली जाते. थांबलेली गाडी निघताना एकच "टंग्" येतो, कारण पाट्याची स्प्रिंग पिळते आणि कोरडी स्प्लाइन अडकून सुटते. क्रॉस बदलायला आलेल्या कितीतरी गाड्या स्प्लाइनला ग्रीस देऊन परत गेल्या आहेत.

तापलेला अॅक्सल थंड पाण्यात शिरला की आतली हवा आकसते. ब्रीदर (ही हवा आत-बाहेर जायची वाट) मातीने बुजलेला असेल तर सीलमधून पाणी ओढलं जातं. डिफरन्शियलचा प्लग काढून तेल बोटावर घ्या. दुधाळ दिसलं तर तेल त्याच दिवशी बदला.

माती न धुता शाफ्ट बॅलन्सिंगला पाठवणं

चिकोडी, निपाणीच्या काळ्या रानातून आलेली गाडी ताशी ५०-६० ला थरथरायला लागते. खाली बघावं तर शाफ्टच्या एकाच बाजूला चिखलाची वाळलेली ढेकळं. एवढंसं वजनही शाफ्टला हेलकावायला पुरतं. आधी पाण्याचा फवारा मारून शाफ्ट आणि रिमची आतली बाजू धुवा. तरीही थरथर राहिली तर मग बॅलन्सिंगसाठी बेळगावच्या उद्यमबागेत न्या.

खूण न करता शाफ्ट खोलणं

क्रॉस वाकलेल्या स्थितीत फिरतो तेव्हा पलीकडचा वेग एकसारखा राहत नाही. ३० अंशांच्या कोनात आतला वेग १०० धरला, तर बाहेरचा एका फेऱ्यात दोनदा ८७ ते ११५ च्या मध्ये चढतो-उतरतो. शाफ्टच्या दुसऱ्या टोकाचा क्रॉस हा चढउतार उलटा करून मिटवतो. पण दोन योक एकमेकांशी बरोबर जुळलेले असतील तरच. स्लिप जॉइंट सुटा केला आणि स्प्लाइनचा एखादा दात चुकवून बसवला, की नवीन क्रॉस घालूनही गाडी पहिल्यापेक्षा जास्त थरथरते. काही गाड्यांच्या पुढच्या शाफ्टला कंपनीच मुद्दाम फरक ठेवते, त्यामुळे नजरेने सरळ करूनही भागत नाही. खोलण्याआधी पंचने किंवा पांढऱ्या रंगाने स्प्लाइनवर आणि दोन्ही फ्लँजवर खूण करा.

नवीन कप हातोडीने ठोकू नका. एखादी सुई आत आडवी पडते आणि सर्क्लिप बसत नाही. तो बसत नाही म्हणून अजून ठोकलं जातं. व्हाइसमध्ये सॉकेट लावून सावकाश दाबा. सर्क्लिप दोन्ही बाजूंना खाचेत पूर्ण बसल्यावर योकच्या कानावर हलकासा ठोका द्या, म्हणजे कप बाहेर येऊन सर्क्लिपला टेकतो आणि क्रॉस मोकळा फिरतो. सगळ्या दिशांना सारखा फिरला तरच शाफ्ट गाडीला लावा. फ्लँजचे बोल्ट टॉर्क रेंचने आवळा, आणि कणकुंबीची एक फेरी झाली की पुन्हा खाली जाऊन तेच बोल्ट तपासा.